स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या आणि भास-भ्रम : औषधांचा इतिहास काय सांगतो?



मेंदूला मार लागल्यावर किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्यावर पेशंट वाचतो, आयसीयूतून बाहेर येतो, घरी जातो. सुरुवातीला लुळा पडलेला हात काही आठवड्यांनी ताठ व्हायला लागतो. कोपर वाकतं, मूठ आवळली जाते, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. कपडे बदलताना, संडासला बसवताना घरच्यांची दमछाक होते. या ताठरपणाला आम्ही स्पॅस्टिसिटी म्हणतो. त्यावर स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या सुरू होतात. आणि मग काही घरांतून एक प्रश्न येतो : "डॉक्टर, हे हल्ली रात्री खिडकीत कुणीतरी उभं आहे म्हणतात. मध्येच चिडतात, मध्येच रडतात. हे डोक्याच्या मारामुळे की गोळ्यांमुळे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर कधी 'मारामुळे', कधी 'गोळ्यांमुळे', आणि बऱ्याचदा 'दोन्हींमुळे' असं असतं. पण तिसरी एक शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही : गोळी अचानक बंद केल्यामुळे. ही तिसरी शक्यता सगळ्यांत धोक्याची, आणि ती टाळणं बरंचसं आपल्या हातात असतं. हे नीट समजावं म्हणून आज या औषधांचा इतिहास सांगतो. इतिहास कशाला, असं वाटेल. पण स्नायूंची औषधं आणि मनाची औषधं एकाच घरात जन्मली, हे एकदा कळलं की बाकीचं पटकन उमगतं.

आधी ताठरपणाविषयी थोडं. १८९८ साली इंग्लंडमध्ये चार्ल्स शेरिंग्टन या शास्त्रज्ञाने मांजरांवर प्रयोग केले. मेंदूचा वरचा भाग आणि मेंदूचा देठ यांमधला संबंध तोडल्यावर मांजराचे चारही पाय खांबासारखे ताठ होतात, असं त्याने दाखवलं. शरीर हलवण्याची ताकद गेली असेल तर पाय लोळागोळा व्हायला हवेत, मग ते ताठ का झाले? कारण मज्जारज्जूची स्वतःची एक सवय असते. स्नायू ताणला की तो आकसून घ्यायचा, ही ती सवय. मेंदू एरवी तिला लगाम घालतो. वरून लगाम सुटला की मज्जारज्जू बेबंद होतो. शेरिंग्टनला पुढे १९३२ साली नोबेल मिळालं. डोक्याला मार लागलेल्या तुमच्या माणसाचा हात ताठतो, त्यामागेही मुळात हेच लगाम सुटणं आहे. त्यामुळे औषधाचं काम ठरलं : बाहेरून लगाम घालायचा. अडचण अशी की तोंडाने घेतलेली गोळी रक्तातून सगळीकडे जाते. मज्जारज्जूसाठी घातलेला लगाम मेंदूच्या उरलेल्या, अजून जेमतेम सावरणाऱ्या भागालाही बसतो.

पेनिसिलिन टिकवायला गेले आणि शामक सापडलं

दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. पेनिसिलिन नवं होतं, महाग होतं, आणि काही जिवाणू त्याचा नाश करत. त्या जिवाणूंना आवर घालणारं रसायन शोधायचं काम इंग्लंडमध्ये फ्रँक बर्गर करत होता. हा मूळचा झेकोस्लोव्हाकियाचा, हिटलरच्या धास्तीने देश सोडून आलेला डॉक्टर. विषारीपणा तपासायला त्याने एक रसायन उंदरांना टोचलं. उंदीर मेले नाहीत. ते सैल पडले, पाय हलवेनात, पण श्वास आणि हृदय नीट चालू होतं आणि ते शुद्धीवर होते. शिवाय ते विलक्षण शांत दिसत होते. १९४६ साली छापलेल्या निबंधात बर्गरने या शांतपणासाठी जो इंग्रजी शब्द वापरला, त्यावरूनच पुढे 'ट्रँक्विलायझर' हे नाव रूढ झालं.

त्या रसायनाचं नाव मेफेनेसिन. ते स्नायू सैल करायला वापरलं गेलं, पण त्याचा परिणाम फार लवकर ओसरायचा. बर्गर नंतर अमेरिकेत गेला आणि जास्त वेळ टिकणारं भावंड शोधून काढलं : मेप्रोबामेट. १९५५ मध्ये ते 'मिलटाउन' या नावाने बाजारात आलं. ही गोळी काळजी, चिंता घालवणारी म्हणून इतकी खपली की औषधांच्या दुकानांबाहेर 'मिलटाउन संपलं' अशा पाट्या लागत.

मग डायझेपामची पाळी. रोश कंपनीत लिओ स्टर्नबाख याने बनवलेलं एक रसायन १९५७ साली प्राण्यांवर तपासलं गेलं. तपासणीच्या अहवालात त्याची तुलना मेप्रोबामेटशी केली होती, आणि मांजरांमध्ये स्नायू सैल करण्यात आणि मज्जारज्जूच्या प्रतिक्षिप्त क्रिया दाबण्यात ते त्याहून सुमारे दुप्पट प्रभावी आहे, असं नोंदवलं होतं. तेच पुढे १९६० साली 'लिब्रियम' म्हणून आलं, आणि १९६३ मध्ये त्याचं धाकटं भावंड 'व्हॅलियम' म्हणजे डायझेपाम. म्हणजे जी गोळी जगभर झोपेची आणि चिंतेची म्हणून गाजली, तिची पहिली परीक्षा मांजराच्या सैल पडलेल्या पायांवरच झाली होती.

डायझेपाम आणि क्लोनाझेपाम आजही ताठरपणासाठी दिल्या जातात, विशेषतः रात्री पायात गोळे येत असतील तर. पण मेंदूला इजा झालेल्या माणसात त्यांचं एक वेगळंच रूप दिसू शकतं. शांत होण्याऐवजी पेशंट उलट बिथरतो, बडबडतो, नळ्या ओढतो, संकोच सुटल्यासारखा वागतो. याला आम्ही उलटा परिणाम म्हणतो. गंमत अशी (खरं तर गंमत नव्हे) की असा बिथरलेला पेशंट पाहून 'डोस कमी पडतोय' असं वाटून डोस वाढवला जाण्याचा धोका असतो.

अजून एक गोष्ट. १९८६ साली टिमथी शॅलर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवलं की मेंदूला इजा झाल्यावर डायझेपाम दिलं तर भरून येण्याची प्रक्रिया रेंगाळते. पुढे लॅरी गोल्डस्टीन या न्यूरॉलॉजिस्टने पक्षाघाताच्या पेशंटांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अशी काही औषधं मिळालेल्यांची सुधारणा तुलनेने कमी दिसली. नोंदी तपासून केलेल्या अभ्यासावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरीही मेंदूच्या इजेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत या गटातल्या गोळ्या शक्यतो टाळाव्यात किंवा थोड्या काळासाठीच द्याव्यात, असं माझं मत याच कामावरून बनलं आहे.

बॅक्लोफेन : फिट्सचं औषध व्हायचं होतं

आता मुख्य पात्र. तुमच्या घरातल्या पट्टीवर बहुधा हेच नाव असेल.

१९५० साली मेंदूत गाबा नावाचा पदार्थ सापडला. तो मेंदूचा ब्रेक आहे, पेशींना शांत करतो, हे पुढच्या काही वर्षांत लक्षात आलं. साहजिकच वाटलं की फिट येणाऱ्या माणसाला गाबाच द्यावा. पण तोंडाने किंवा शिरेतून दिलेला गाबा मेंदूत शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक चाळण असते, ती त्याला अडवते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा कंपनीत हाइनरिख केबर्ले या रसायनतज्ज्ञाने १९६२ साली गाबाला एक शेपूट जोडलं, म्हणजे ते चाळणीतून निसटेल. हेच बॅक्लोफेन. फिट्सवर ते निराशाजनक ठरलं. पण ते दिलेल्या काही पेशंटांचा ताठरपणा कमी झाल्याचं दिसलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात आणि १९७७ मध्ये अमेरिकेत ते ताठरपणाचं औषध म्हणून मान्य झालं.

त्याच काळात रशियात काय चाललं होतं ते पाहण्यासारखं आहे. लेनिनग्राडमध्ये फेनिबट नावाचं औषध तयार झालं होतं. त्याची रचना आणि बॅक्लोफेनची रचना यांत फक्त क्लोरीनच्या एका अणूचा फरक. तिकडे फेनिबट वापरलं गेलं ते चिंता, भीती आणि निद्रानाशासाठी. सोव्हिएत अंतराळवीरांच्या औषधपेटीतही ते होतं. एकाच घराण्यातली दोन भावंडं : एकाला स्वित्झर्लंडने स्नायूंच्या खात्यात टाकलं, दुसऱ्याला रशियाने मनाच्या. खाती माणसांनी पाडलेली, रेणूला त्याचं काही देणंघेणं नाही. १९७५ साली तर बॅक्लोफेन स्किझोफ्रेनियावर चालेल का, हेही कुणीतरी करून पाहिलं आणि 'लॅन्सेट'मध्ये छापलं. पुढच्या चाचण्यांत ती आशा टिकली नाही, आणि आज औषधाच्या माहितीपत्रकात बरोबर उलटं लिहिलेलं असतं : ज्यांना आधीपासून सायकोसिस किंवा गोंधळलेपणाचा त्रास आहे, त्यांच्यात तो या औषधाने वाढू शकतो.

मग आलं १९७७. त्या एका वर्षात 'लॅन्सेट'मध्ये बॅक्लोफेन आणि भास यांविषयी डॉक्टरांची एकामागून एक पत्रं छापून आली. ताठरपणासाठी महिनोन्‌महिने बॅक्लोफेन घेणारे पेशंट, गोळी एकदम बंद केली, आणि त्यांना नसलेली माणसं दिसू लागली, आवाज ऐकू येऊ लागले. काहींना फिट्सही आल्या. गोळी परत सुरू केली की भास थांबत. ज्यांना आयुष्यात कधी मानसिक आजार नव्हता, अशी ही माणसं होती.

लक्षात घ्या, ही गोळी शरीरात नेमकी कुठे चिकटते हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. ते कळलं १९८० साली, लंडनच्या नॉर्मन बावरी आणि सहकाऱ्यांमुळे. गाबाची माहीत असलेली कुलपं सोडून एक वेगळंच कुलूप आहे आणि बॅक्लोफेन ही त्याची किल्ली आहे, असं त्यांनी दाखवलं. त्याला 'गाबा-बी' नाव पडलं. ही कुलपं मज्जारज्जूत आहेतच, शिवाय मेंदूच्या सालीत, थॅलॅमसमध्ये, लहान मेंदूतही दाट पसरलेली आहेत. किल्ली आधी विकली गेली, कुलूप मागून सापडलं. औषधशास्त्रात असं पुष्कळदा होतं.

आता गोळी बंद केल्यावर भास का होतात ते सांगतो. रोज बाहेरून ब्रेक मिळतोय म्हटल्यावर मेंदू आपला स्वतःचा ब्रेक सैल करतो, ती कुलपं मंदावतात. काही आठवड्यांत मेंदू या बाहेरच्या ब्रेकवरच चालायला शिकतो. अशात तो ब्रेक एका रात्रीत काढून घेतला, तर घाटात उतरणाऱ्या गाडीचं जे होईल तेच होतं. ताठरपणा आधीपेक्षा जास्त उसळतो, घाम, ताप, झोप नाही, भीती, भास, कधी फिट. बहुतेक वेळा हे शेवटच्या गोळीनंतर एक ते तीन दिवसांत सुरू होतं. हा व्यसनाचा प्रकार नव्हे, त्यामुळे पेशंटला किंवा स्वतःला दोष देऊ नका. पण गोळी काढायची तर पायरीपायरीने, आठवड्यांच्या हिशोबाने काढायची.

गोळी अचानक बंद होते तरी कशी?

मुद्दाम कोणी करत नाही. दिवाळीला गावी गेले, पट्टी संपली, तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते औषध नव्हतं, 'चार दिवसांनी घेऊ' म्हटलं. दुसऱ्या एखाद्या ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलं आणि सगळ्याच गोळ्या थांबवल्या, मग ऑपरेशननंतर पेशंट बडबडायला लागला तर दोष भुलीच्या औषधाला जातो. जुलाब-उलट्या झाल्या, गोळी पोटात राहिलीच नाही. कुणी नातेवाईक म्हणाला, 'एवढ्या गोळ्या कशाला, सगळ्या बंद करा.' किंवा, आणि हे फार वाईट, गोळीमुळे थोडे भास होत होते म्हणून घाबरून घरच्यांनी गोळी एकदम थांबवली, आणि भास दहापट झाले. मग 'बाहेरचं काही लागलंय' म्हणून आणखी दोन दिवस इकडेतिकडे फिरण्यात जातात.

गोळी चालू असतानाही त्रास होऊ शकतो. अमेरिकी माहितीपत्रकात झोपाळूपणाचं प्रमाण १० ते ६३ टक्के आणि गोंधळलेपणाचं १ ते ११ टक्के असं दिलंय. एवढी मोठी तफावत का? कारण वेगवेगळ्या अभ्यासांत माणसं वेगळी आणि डोस वेगळे. खिन्नता, अकारण उत्साह, चिडखोरपणा, भास हेही त्यात नोंदलेले आहेत, पण क्वचित. एक वाक्य मात्र मला नेहमी बोचतं : पक्षाघाताच्या पेशंटांना या औषधाचा म्हणावा तसा फायदा झाला नाही आणि त्यांना ते नीट सोसलंही नाही, असं त्याच पत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. बॅक्लोफेनचा पाया रचला गेला तो मल्टिपल स्क्लेरोसिस आणि मणक्याच्या इजेच्या पेशंटांवर. त्यांच्यात बिघाड मुख्यतः मज्जारज्जूच्या वाटेवर असतो. डोक्याला मार लागलेल्या माणसाचा मेंदूच जखमी असतो. लक्ष, स्मरण, रागावरचा ताबा आधीच तुटपुंजे. त्यांच्यावर तीच गोळी त्याच डोसात देताना आपण उसनी माहिती वापरत असतो. म्हणून सुरुवात कमी डोसाने आणि वाढ सावकाश.

मूत्रपिंडाचं एक स्वतंत्र सांगायला हवं. बॅक्लोफेन बहुतांशी लघवीवाटे, न बदलता बाहेर पडतं. किडनी कमजोर असेल तर ते साठतं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात किडनीचा आजार असलेल्या सुमारे १६ हजार वयस्क पेशंटांची पाहणी झाली, ती २०१९ मध्ये 'जामा' नियतकालिकात आली. रोज २० मिलिग्रॅम किंवा जास्त बॅक्लोफेन नव्याने सुरू केलेल्यांपैकी साधारण शंभरात एकाला महिनाभराच्या आत मेंदूच्या गोंधळामुळे हॉस्पिटलमध्ये दाखल करावं लागलं. औषध न घेणाऱ्यांमध्ये हे प्रमाण दहा हजारांत सहाच्या आसपास होतं. आपल्याकडे मधुमेहामुळे किडनी अधू झालेली आणि पक्षाघातही झालेली माणसं किती आहेत, आठवून पाहा. अशा घरात क्रिएटिनिनचा रिपोर्ट न बघता ही गोळी सुरू होऊ नये.

मोठ्या डोसात काय होतं, याचा धडा फ्रान्समध्ये मिळाला. ऑलिव्हिए अमायसन हा हृदयरोगतज्ज्ञ दारूच्या व्यसनात अडकला होता. बॅक्लोफेनविषयी वाचून त्याने ते स्वतःवर वापरलं, दिवसाला २७० मिलिग्रॅमपर्यंत नेलं, आणि दारूची ओढ गेल्याचा अनुभव २००५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची केस म्हणून मांडला. २००८ साली त्याचं पुस्तक आलं आणि हजारो फ्रेंच पेशंट डॉक्टरांकडे हेच औषध मागू लागले. २०१७ साली सरकारी विमा नोंदींवरून मोठा अभ्यास झाला. दारूच्या इतर औषधांच्या तुलनेत, दिवसाला १८० मिलिग्रॅमहून जास्त बॅक्लोफेन घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका दुपटीहून अधिक निघाला. त्यानंतर तिथे कमाल डोस ८० मिलिग्रॅमवर आणला गेला. आपल्या विषयाशी याचा संबंध इतकाच की हे औषध मनावर जोरदार काम करतं. दारूची ओढ ही काही स्नायूंची गोष्ट नाही.

पाठीतून औषध : पंपाची कथा

गोळी मेंदूभर पसरते, तर औषध थेट मज्जारज्जूजवळच का सोडू नये? शिकागोच्या रिचर्ड पेन आणि जेफ्री क्रॉइन यांनी हे करून दाखवलं. १९८४ साली पहिला अहवाल, १९८९ साली व्यवस्थित चाचणी. पोटाच्या कातडीखाली पंप बसवायचा, त्यातून बारीक नळी पाठीच्या कण्यात. गोळी मिलिग्रॅममध्ये मोजतात, हे मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी. अमेरिकेत १९९२ मध्ये मणक्याच्या आणि १९९६ मध्ये मेंदूच्या इजेतून आलेल्या ताठरपणासाठी त्याला मान्यता मिळाली. ज्यांना गोळीने झापड येते, गोंधळ उडतो, त्यांना हा मोठा दिलासा ठरला.

पण अचानक बंद होण्याचा धोका इथे कैकपटीने मोठा. पंप रिकामा झाला, नळी वाकली किंवा निसटली, की औषध बंद. पहिल्या नऊ वर्षांत अशा २७ घटना नोंदल्या गेल्या, त्यांत ६ माणसं दगावली. २००२ साली अमेरिकेत याच्या माहितीपत्रकावर चौकटीत ठळक इशारा छापला गेला : प्रचंड ताप, बदललेली शुद्ध, उसळलेला ताठरपणा, स्नायूंची झीज, अवयव निकामी होणं. सुरुवातीची खूण साधी असते : ताठरपणा परत येतो आणि अंगाला पुरळ नसताना खाज सुटते. पंप असलेल्या पेशंटला खाज सुटली तर ॲलर्जीची गोळी देऊन गप्प बसू नका. त्याच दिवशी पंप बसवलेल्या हॉस्पिटलला फोन करा.

टिझानिडीन आणि बाकीचे

टिझानिडीन वेगळ्या वाटेने काम करतं, ते रक्तदाबाच्या क्लोनिडीनचं नातेवाईक. अमेरिकेत ते १९९६ साली आलं. मान्यतेआधीच्या दोन चाचण्यांत १७० पैकी ५ जणांना भास किंवा भ्रम झाले, सगळ्यांना पहिल्या सहा आठवड्यांत. बहुतेकांना आपण पाहतोय ते खरं नाही हे कळत होतं. ही बाब महत्त्वाची आहे, कारण असे पेशंट 'आपल्याला वेडं समजतील' या भीतीने बोलतच नाहीत. तुम्हीच सहज विचारा : 'काही वेगळं दिसतं का हो?' एका पेशंटला मात्र खरोखर सायकोसिस झाला, आणि एकाचा त्रास गोळी बंद केल्यावरही किमान दोन आठवडे राहिला.

टिझानिडीन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन एकत्र घ्यायचं नाही, ही दुसरी गोष्ट. सिप्रो यकृतातला त्याचा निचरा अडवतं, मग रक्तातलं प्रमाण अनेक पटींनी वाढतं, बीपी कोसळतं, माणूस गुंगतो. फ्लुव्होक्झामिन या ओसीडी-डिप्रेशनच्या गोळीशीही तसंच. लघवीची नळी असलेल्या पेशंटला जंतुसंसर्ग झाला की गल्लीतल्या दवाखान्यात सिप्रो दिली जाण्याची शक्यता पुष्कळ. त्यामुळे पट्टी सोबत घेऊन जा आणि दाखवा.

डॅन्ट्रोलीन सरळ स्नायूवर काम करतं, मनाला त्यातल्या त्यात कमी छेडतं, पण यकृताला इजा करू शकतं, म्हणून मागे पडलं. आणि एक आरोपी वेगळ्याच खात्यातला : फिट येऊ नयेत म्हणून दिलेलं लेव्हेटिरासेटाम. त्याने चिडखोरपणा चांगलाच वाढू शकतो. सगळा दोष स्नायूंच्या गोळीवर ढकलण्याआधी तेही तपासावं लागतं. पण ती गोळीही आपल्या मनाने बंद करायची नाही, फिट येईल.

मग मार की गोळी, ओळखायचं कसं?

रक्ताच्या किंवा एमआरआयच्या तपासणीत हे कळत नाही. तारखांवरून कळतं. घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाचा हिशोब लिहितो तिथेच, गोळी कधी सुरू झाली, डोस कधी वाढला, कधी कमी केला, कुठल्या दिवशी चुकली, आणि वागणं कधी बदललं ते लिहा. डोस वाढवल्यावर चार-आठ दिवसांत वागणं बदललं तर गोळीवर संशय जास्त. गोळी चुकल्यावर दोन दिवसांत बिघडलं तर बंद केल्याचा परिणाम. गोळी सुरू होण्याआधीपासूनच हट्टीपणा, विसराळूपणा, रडू येणं असेल तर मेंदूच्या इजेचा वाटा मोठा. आणि एकाएकी बिघडलं, सोबत ताप असेल, तर आधी जंतुसंसर्ग शोधायचा. मेंदूला मार लागलेल्या पेशंटमध्ये साधा लघवीचा संसर्गही भास घडवू शकतो, आणि तोच ताठरपणाही वाढवतो. मग ताठरपणा वाढला म्हणून गोळी वाढते, आणि गोंधळात भर पडते. बद्धकोष्ठ, शय्याव्रण, नखुरडं यांनीही हेच होतं. ती दुखणी बरी केली की पुष्कळदा डोस वाढवावाच लागत नाही.

भासांसाठी लगेच मानसोपचाराची गोळी वर चढवण्याआधी डॉक्टरांना हे कॅलेंडर दाखवा आणि विचारा : 'यातली कुठली गोळी कमी करून पाहता येईल?' एकाच वेळी दोन गोळ्या बदलायला नकोत, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. ताठरपणा एखाद्याच हातात किंवा घोट्यात असेल तर बोटुलिनम टॉक्सिनच्या इंजेक्शनबद्दलही विचारा. ॲलन स्कॉट या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने ते तिरळेपणासाठी माणसांत वापरायला सुरुवात केली, अमेरिकेत १९८९ मध्ये डोळ्यांच्या त्रासांसाठी आणि २०१० मध्ये हाताच्या ताठरपणासाठी त्याला मान्यता मिळाली. ते टोचलेल्या स्नायूपुरतं काम करतं, त्यामुळे मेंदूवर झापड येत नाही. महाग आहे, दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं, आणि फिजिओथेरपी सोबत नसेल तर पैसे वाया जातात.

आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. बॅक्लोफेनची पट्टी काढून किती गोळ्या उरल्यात ते मोजा. दहा दिवसांपेक्षा कमी असतील तर उद्याच आणा.